नळीने रिकामा होणारा इलिओस्टोमी पाउच: खानदेशातील रुग्णासाठी पहिल्या महिन्यापासून विसाव्या वर्षापर्यंत

पोटावर उजवीकडे, कमरेच्या रेषेखाली, एक लहानसे सपाट छिद्र आणि त्यावर गॉझची घडी, एवढेच बाहेरून दिसते. बॅग नसते, पट्टा नसतो. मळ आत, लहान आतड्यापासून शिवलेल्या पिशवीत म्हणजे पाउचमध्ये साठतो आणि छिद्रातून नळी घालून काढावा लागतो. चोपडा, शिरपूर किंवा शहाद्याच्या एखाद्या दवाखान्यात रात्री अकरा वाजता पोट फुगलेल्या अवस्थेत असा रुग्ण पोहोचला, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी हा प्रकार पूर्वी पाहिलेला नसण्याचीच शक्यता अधिक. यात त्यांचा दोष नाही. ही शस्त्रक्रिया जगभरातच मोजक्या ठिकाणी होते. म्हणून तिचे दीर्घकालीन फळ सर्जनच्या हातावर जितके अवलंबून असते, तितकेच रुग्णाला आपल्या पोटात नेमके काय शिवले आहे हे किती समजले आहे यावरही असते. ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना ती सुचवली गेली आहे आणि जे घरी त्यांची काळजी घेतात, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. आपल्या सर्जनने वेगळे काही सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

पोटात काय केलेले असते

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण आणणारा आजार, औषधांनी आटोक्यात येत नाही, किंवा आतड्याच्या अस्तरात कर्करोगपूर्व बदल दिसतात, तेव्हा मोठे आतडे आणि गुदाशय काढावे लागतात. त्यानंतर लहान आतड्याचे शेवटचे टोक पोटावर आणले की नेहमीची इलिओस्टोमी होते. तिचे आजचे रूप, म्हणजे टोक उलटून वळवलेला छोटा कोंब, ब्रायन ब्रुक या ब्रिटिश सर्जनने १९५२ मध्ये मांडले. त्या कोंबातून पातळ मळ दिवसरात्र येत राहतो, म्हणून बॅग अटळ असते. स्वीडनमधील गोथेनबर्गचे सर्जन निल्स कॉक यांनी १९६९ मध्ये वेगळी वाट दाखवली. लहान आतड्याच्या शेवटच्या सुमारे ४५ सेंटिमीटर भागापासून पोटाच्या आतच साठवणीची पिशवी शिवायची, ही त्यांची कल्पना. नुसत्या पिशवीने गळती पुरेशी थांबेना, तेव्हा काही वर्षांतच पिशवीच्या तोंडाशी आतडे स्वतःतच दुमडून स्तनाग्रासारखी झडप तयार करण्यात आली. पाउच भरला की आतल्या दाबानेच ही झडप मिटते आणि रिकामा करायचा तर तिच्यातून नळी घालावी लागते.

या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास त्या झडपेचा इतिहास आहे. दुमडलेले आतडे पुन्हा सरळ होऊ पाहते. ते धरून ठेवण्यासाठी सर्जनांनी टाके घातले, स्टेपल मारले, भोवती कृत्रिम जाळी गुंडाळली. जाळी आतड्यात घुसून फिस्टुला, म्हणजे आतड्यातून भलतीकडे फुटणारी वाट, होऊ लागल्यामुळे ती मागे पडली. पुढे अमेरिकेतील बार्नेट यांनी झडपेभोवती आतड्याचाच जिवंत पट्टा गुंडाळण्याची पद्धत काढली. दरम्यान १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी पाउच थेट गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि पोटावर छिद्रच नको असलेल्या बहुतेक रुग्णांचा कल तिकडे गेला. कॉक यांचा पाउच तेव्हापासून दुसऱ्या फळीत आहे. गुदद्वाराचे स्नायू कमकुवत असणे, गुदद्वाराशी जोडलेला पाउच निकामी होणे, किंवा बॅग लावून वर्षे काढल्यानंतरही ती अजिबात न रुचणे, अशा प्रसंगी त्याचा विचार होतो.

होकार देण्यापूर्वी

पहिला प्रश्न निदानाचा आहे आणि आपल्याकडे तो परदेशापेक्षा अधिक अवघड आहे. क्रोन्स हा आतड्यांना सूज आणणारा दुसरा आजार आणि आतड्याचा क्षयरोग यांची लक्षणे, एंडोस्कोपीतील म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीतील चित्र, इतकेच काय बायॉप्सीही कधीकधी इतकी सारखी असते की कित्येक रुग्णांना आधी क्षयाची औषधे देऊन पाहिले जाते. क्रोन्स लहान आतड्यालाही धरतो; ज्या आतड्याचा पाउच शिवायचा, तेथेच आजार परत येऊ शकतो. म्हणून क्रोन्समध्ये ही शस्त्रक्रिया सहसा टाळली जाते आणि जेथे ती केली गेली, तेथे पाउच काढावा लागण्याचे प्रमाण अल्सरेटिव्ह कोलायटिसपेक्षा बरेच अधिक आढळले. जुन्या बायॉप्सीच्या काचा आणि ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत आणि पचनसंस्थेच्या बायॉप्सींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्यावेत. यात काही दिवस जातील, पण हा खर्च वाचवू नये.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २००६ मध्ये ३३० रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात दहा वर्षांनी सुमारे ८७ टक्के आणि वीस वर्षांनी सुमारे ७७ टक्के रुग्णांचा पाउच टिकून होता. वाचायला हे छानच वाटते. पण टिकलेला पाउच म्हणजे पुन्हा हात न लावलेला पाउच नव्हे, आणि नेमकी हीच गोष्ट सल्ल्याच्या खोलीत घाईने उरकली जाते. पाउच टिकवण्यासाठी दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागलेल्या रुग्णांचे प्रमाण वेगवेगळ्या केंद्रांत सुमारे एक चतुर्थांशापासून निम्म्याहूनही अधिक आहे आणि काहींना ती एकाहून अधिक वेळा लागली आहे. झडपेचा त्रास झालाच तर तो बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होतो. तो काळ नीट पार पडला की पुढची वर्षे तुलनेने निवांत जातात. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांचा पाउच चालू राहिला, ते कामकाज, समाजात वावर आणि वैवाहिक आयुष्य याबाबत पाउच काढावा लागलेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. माझ्या मते, "एकदा ऑपरेशन झाले की सुटलो" असे मनात असेल तर हा मार्ग धरू नये. "दुसरे ऑपरेशन लागले तरी बॅग नको" असे ठामपणे वाटत असेल तरच धरावा.

तिसरा प्रश्न हातांचा आणि अंतराचा. दिवसातून तीन-चार वेळा, आयुष्यभर, स्वतः नळी घालायची आहे. दृष्टी मंद असेल, बोटे थरथरत असतील, वजन फार जास्त असेल किंवा लहान आतडे आधीच आखूड झालेले असेल, तर साधी इलिओस्टोमी अधिक सुरक्षित ठरते. अंतराचेही तसेच. भुसावळहून मुंबई म्हणजे जवळजवळ रात्रभराची रेल्वे; नंदुरबारकरांना सुरत जवळ पडते. ज्या सर्जनकडे शस्त्रक्रिया करायची, त्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केल्या आहेत, त्यांतील किती रुग्णांना दुरुस्ती लागली, आणि रात्री-अपरात्री नळी जात नसेल तर मी फोन कोणाला करायचा. तिसऱ्या प्रश्नाला नाव आणि नंबर मिळत नसेल, तर दुसरे केंद्र पाहावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आपल्या शस्त्रक्रियेचा किती खर्च निघू शकतो, हे योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. साधी इलिओस्टोमी घेऊन अनेक वर्षे जगलेल्या माणसाशीही एकदा बोलावे. मुंबईच्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेमार्फत अशी भेट होऊ शकते. बॅगेची भीती आणि बॅगेचे प्रत्यक्ष जगणे यांत पुष्कळ अंतर असते.

पहिले तीन महिने

शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन ते चार आठवडे नळी आतच ठेवली जाते आणि पाउच सतत वाहता राहतो, कारण टाके भरून येण्यापूर्वी तो ताणला जाता कामा नये. दर काही तासांनी २० ते ३० मिलिलिटर सलाईन हळूच आत सोडून नळी मोकळी ठेवायची असते. चिकट स्रावाने आणि अन्नकणांनी ती तुंबते. नळीतून काही येईनासे झाले आणि पोट ताठ होऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

त्यानंतर नळी बंद ठेवण्याचा वेळ टप्प्याटप्प्याने वाढवतात. सुरुवातीला दिवसा दोन तास बंद आणि रात्रभर उघडी, मग सर्जनच्या सांगण्याप्रमाणे दर आठवड्याला थोडा अधिक वेळ. सुरुवातीला जेमतेम १०० मिलिलिटर मावणारा पाउच काही महिन्यांत अर्धा लिटर आणि त्याहूनही अधिक सामावून घेऊ लागतो. या काळात घाई करणारे नंतर पस्तावतात. लग्नसराई आहे म्हणून चार तासांऐवजी सात तास थांबले, केळीचा घड उचलला, कापसाचे गाठोडे डोक्यावर घेतले, तर ताण थेट झडपेवर आणि पोटाच्या शिवणीवर येतो. निदान सहा ते आठ आठवडे जड काही उचलू नये. शेतीचे काम पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे सर्जनला काम नेमके काय ते वर्णन करून विचारावे. "हलके काम" या शब्दाचा अर्थ मुंबईच्या डॉक्टरांच्या मनात वेगळा असतो आणि यावलच्या केळीबागेत वेगळा.

नळी घालण्याची रीत

वापरायची नळी सामान्यतः २८ ते ३० फ्रेंच क्रमांकाची, म्हणजे सुमारे नऊ ते दहा मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या टोकाला मोठी छिद्रे असतात. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती मिळेलच असे नाही. घरी दोन आणि बाहेर जाताना पिशवीत एक, असा हिशेब ठेवावा. दुकानदाराने "हीच चालते" म्हणून दिलेली दुसरी नळी सर्जनला दाखवल्याशिवाय वापरू नये.

हात साबणाने धुवावेत. संडासावर बसून किंवा त्यापुढे उभे राहून, पोट सैल सोडून, नळीच्या टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावावी. नळी ज्या दिशेने नेण्याचे प्रशिक्षण दिले आहे, त्याच दिशेने सावकाश आत न्यावी. सुमारे पाच सेंटिमीटरवर अडथळा जाणवतो, तीच झडप. तेथे थांबावे, खोल श्वास घ्यावा आणि श्वास सोडताना हलका, सलग दाब द्यावा. झडप ओलांडली की वायू आणि पातळ मळ यायला लागतो. नळीचे बाहेरचे टोक पाउचपेक्षा खाली धरावे, म्हणजे मळ आपोआप उतरतो. पाच ते दहा मिनिटे पुरतात. मळ घट्ट असेल तर मोठ्या सिरिंजने ३० ते ५० मिलिलिटर कोमट पाणी आत सोडून पुन्हा वाहू द्यावे. शेवटी नळी बाहेर घ्यावी, साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावी, सुकवावी आणि स्वच्छ डब्यात ठेवावी. छिद्रावर गॉझची घडी ठेवावी, कारण अस्तरातून थोडा चिकट स्राव येतच राहतो आणि तो आजार नव्हे.

पाउच स्थिरावल्यावर सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, अशा चार वेळा बहुतेकांना पुरतात. आठ तासांपेक्षा अधिक थांबण्याची सवय लावू नये. एसटीच्या लांब प्रवासात स्वच्छ संडास मिळेल तेथे, वेळ झाली नसली तरी, पाउच रिकामा करून घ्यावा.

नळी आत जात नाही तेव्हा

या प्रसंगासाठी आधीपासून मनाची तयारी असावी, कारण घाबरलेला माणूस जोर लावतो आणि जोर लावल्याने झडपेला किंवा पाउचला छिद्र पडू शकते. नळी काढून घ्यावी. पाठीवर आडवे व्हावे, गुडघे दुमडावेत, पोटावर कोमट पाण्याचा शेक घ्यावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा जेली लावून थोडा कोन बदलून प्रयत्न करावा. सर्जनने बारीक नळी देऊन ठेवली असेल तर ती वापरून पाहावी. नळी गेली, तर ती लगेच काढू नये. चिकटपट्टीने बांधून वाहती ठेवावी आणि सर्जनला फोन करावा. दोन-तीन शांत प्रयत्नांनंतरही जमत नसेल, पोट फुगत असेल, कळा किंवा उलट्या सुरू झाल्या असतील, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी एंडोस्कोपी उपलब्ध आहे का, हे आधीच विचारून ठेवलेले बरे. बारीक दुर्बिणीने पाहून तिच्या आधाराने नळी आत नेता येते.

नळी एकदा अडली, हा योगायोग असू शकतो. आठवड्यात दोन-तीनदा अडणे, कोन बदलल्यासारखा वाटणे, आणि पूर्वी फक्त चिकट स्रावाने ओलसर होणारा गॉझ आता मळाने भिजणे किंवा छिद्रातून वायू निसटणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली तर झडप सरकली असे समजून चालावे. पाउचमध्ये रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे आणि दुर्बिणीची तपासणी यांनी ते निश्चित होते. घरगुती उपाय किंवा पट्टा घट्ट बांधणे यांनी झडप परत जागेवर येत नाही. दुरुस्ती शस्त्रक्रियेनेच होते. छिद्राच्या कातडीशी आलेले अरुंदपण मात्र बऱ्याचदा छोट्या उपचाराने सुटते, म्हणून "पुन्हा मोठे ऑपरेशन" या धास्तीने तपासणी लांबवू नये.

पाउच सुजतो तेव्हा

पाउचायटिस ही दुसरी वारंवार येणारी तक्रार. मळ अचानक पाण्यासारखा आणि खूप अधिक होतो, त्यात कधी रक्त दिसते, पोट दुखते, कणकण येते. पाउचमधील जिवाणूंचे संतुलन बिघडणे हे यामागचे एक कारण मानले जाते. मेट्रोनिडाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा कोर्स आणि काही दिवस नळी आत ठेवून पाउच सतत वाहता ठेवणे, याने बहुतेकांना आराम पडतो. या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. जुलाब साथीचे आहेत की पाउचचे, हे आधी ठरले पाहिजे. अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्याही टाळाव्यात, कारण त्या आतड्यालाही त्रास देतात आणि पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडालाही.

ऊन, पाणी आणि ताट

मोठ्या आतड्याचे मुख्य काम पाणी आणि मीठ शोषून घेण्याचे. ते नसलेल्या शरीरातून दोन्ही सतत जात राहतात. अशा शरीरासाठी जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, केवळ अस्वस्थतेचा विषय राहत नाही. नुसते पाणी ढोसल्याने मिठाची तूट भरत नाही. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाने, बहुधा एक लिटर पाण्यात, कालवून दिवसभर घोट-घोट घ्यावे. सोबत मीठ घातलेले ताक आणि भाताची पेज चालते. लघवी गडद पिवळी झाली, पायात गोळे आले, उठताना भोवळ आली, तर तूट झालेली आहे. वर्षानुवर्षे कमी पाण्यावर काढल्यास युरिक आम्लाचे मूतखडे होण्याची प्रवृत्ती वाढते. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पाउच असलेल्याने गाडीने जाऊन दर्शन घ्यावे आणि निर्जळी उपवास कोणताच करू नये.

ताटाबाबत नियम असा की जे नळीच्या छिद्रात अडकेल ते टाळावे किंवा फार बारीक चावावे. मक्याचे दाणे, ओले खोबरे, अख्खे शेंगदाणे, संत्र्या-मोसंबीची साले, पेरूच्या बिया, शेवग्याची शेंग, देठासकट पालेभाज्या हे नेहमीचे गुन्हेगार. भरीत पूर्ण सोडण्याची गरज नाही. कमी बियांचे वांगे चांगले भाजून, साल काढून, घोटून घ्यावे. वरून पडणारे शेंगदाणे आणि कांद्याच्या पातीचे लांब तुकडे वगळावेत. कळण्याची भाकरी वरणात कुस्करून खाता येते, बट्टीही तशीच. शेवभाजीच्या तिखट तर्रीने कोणाला त्रास होतो, कोणाला होत नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ घेऊन पाहावे. केळ्याविषयी मात्र खानदेशात सांगितलेच पाहिजे. ते पोटॅशियम देते, पण मळ घट्टही करते. साध्या इलिओस्टोमीत हा गुण ठरतो, येथे नळी तुंबवतो. दिवसाला एखादे पिकलेले केळे आणि सोबत भरपूर पातळ पदार्थ, इतपत ठीक.

दरवर्षीची तपासणी

बी-१२ हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते आणि पाउच त्याच भागाचा केलेला असतो. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असण्याची शक्यता अधिक, म्हणून वर्षातून एकदा बी-१२ तपासावे आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शने घ्यावीत. त्याच वेळी हिमोग्लोबिन, लोह, जीवनसत्त्व डी, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या कराव्यात. कोलायटिसशी संबंधित यकृतातील पित्तनलिकांचा आजार आतडे काढल्यावरही उद्भवू शकतो. पाउचची दुर्बिणीने पाहणी किती वर्षांनी करायची, ते सर्जनने ठरवावे. हळूहळू विरघळणाऱ्या दीर्घकालीन परिणामाच्या गोळ्या पूर्ण शोषल्या न जाताच बाहेर पडू शकतात; रक्तदाब किंवा मधुमेहाची नवी गोळी सुरू होताना डॉक्टरांना आतड्याची कल्पना द्यावी. गर्भारपण शक्य असते आणि अनेक स्त्रियांनी ते सुखरूप पार पाडले आहे, पण शेवटच्या महिन्यांत नळीचा कोन बदलतो, म्हणून प्रसूतीचे ठिकाण सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या बोलण्यातून ठरावे.

खिशातली चिठ्ठी

सुरुवातीला सांगितलेल्या त्या रात्रीसाठी एक चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवावी, तिचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा, आणि ती मराठीसोबत इंग्रजीतही लिहून घ्यावी. मजकूर असा चालेल: "माझे मोठे आतडे आणि गुदाशय काढलेले आहेत. पोटावरील छिद्रामागे लहान आतड्याचा पाउच आणि झडप आहे. तो नळी घातल्याशिवाय रिकामा होत नाही. नळीचा क्रमांक अमुक. नळी जोराने ढकलू नये. पोट फुगले असल्यास प्रथम पाउच रिकामा करावा. एनिमा, गुदमार्गातील औषध आणि जुलाबाचे औषध देऊ नये. सलाईन आणि क्षारांकडे लक्ष द्यावे. सर्जनचा फोन अमुक." शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत आणि शेवटच्या एक्स-रेचा अहवालही त्याच पिशवीत असावा.

पाउच काढण्याची वेळ

वारंवार दुरुस्त्या, न भरणारे फिस्टुला, नंतर उघड झालेला क्रोन्स, किंवा वयानुसार नळी घालणे अशक्य होणे, या कारणांनी काही पाउच अखेर काढावे लागतात आणि साधी इलिओस्टोमी करावी लागते. प्रत्येक वेळी पाउच काढून नवा करणे म्हणजे आणखी आतडे गमावणे, आणि आतडे एका मर्यादेपलीकडे कमी झाले की पोषण तोंडावाटे पुरत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दुरुस्तीपूर्वी "आता किती सेंटिमीटर लहान आतडे उरले आहे" हा प्रश्न सर्जनला विचारावा आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्यावे. हात थरथरू लागल्याचे जाणवताच जोडीदाराला किंवा मुलासुनेला नळी घालायला शिकवून ठेवावे. हे शिकवणे बरे असताना, दिवसाउजेडी, दोन-तीनदा करून घ्यावे.